सागरी जैवतंत्रज्ञान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्याख्यानानंतर, पत्रांतून, फोनवर हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. म्हणून ते विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एखाद्या मुद्द्याचं सविस्तर उत्तर दुसरीकडे असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. सागरी जैवतंत्रज्ञान म्हणजे नेमकं काय? मत्स्यशेतीलाच दिलेलं भारदस्त नाव आहे का हे?

नाही. मासे पाळणं, पकडणं, विकणं हा मत्स्यव्यवसाय. समुद्रातल्या जिवाचा एखादा रेणू, जनुक, विकर (एन्झाइम) किंवा त्याच्या शरीराची एखादी युक्ती ओळखून ती उपयोगाला आणणं हे सागरी जैवतंत्रज्ञान. दोघांची गाठ अधूनमधून पडते. सामन माशाच्या एका विषाणूजन्य रोगावरची डीएनए लस कॅनडात २००५ मध्येच मंजूर झाली, माणसांसाठी तशी लस येण्याच्या कितीतरी आधी.

या क्षेत्रातल्या कुठल्याही दाव्याला मी एकच कसोटी लावतो: ही वस्तू समुद्र न उपसता बनवता येते का? खालची बरीच उत्तरं फिरून तिथेच येतात.

२. पण समुद्रच का? जमिनीवरची झाडं, माती, बुरशी काय कमी आहेत?

कमी नाहीत, पेनिसिलिन बुरशीतूनच आलं. पण समुद्रात जगण्याची रीत वेगळी आहे. स्पंज किंवा सी स्क्वर्ट हे जीव खडकाला चिकटून आयुष्य काढतात. त्यांना पळता येत नाही आणि चावायला दात नाहीत. शेजारचा जीव वाढत वाढत अंगावर आला किंवा मासा कुरतडायला आला, तर त्यांच्याकडे मुख्य हत्यार एकच, रसायन. तेही पाण्यात सुटलं की लगेच विरळ होतं. म्हणून ते कणभर असलं तरी जहाल असावं लागतं, आणि औषध शोधणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

शिवाय संख्या बघा. एक मिलिलिटर समुद्राच्या पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू आणि त्यांच्या दहापट विषाणू असतात. यातले बहुतेक प्रयोगशाळेत वाढायलाच तयार नसतात. म्हणून आता पाणी गाळून त्यातला सगळा डीएनए एकत्रच वाचतात. २००४ मध्ये अटलांटिक महासागरातल्या सरगॅसो समुद्राच्या पाण्यातून अशा रीतीने बारा लाखांहून अधिक नवी जनुकं हाती लागली.

३. माझ्या रोजच्या वापरात यातलं काही आहे का?

आहे, फक्त नावं ओळखीची नसतात. टूथपेस्ट घट्ट आणि एकसंध ठेवणारं कॅरेजीनन लाल शैवालातून येतं. दाताचा साचा घेताना दंतवैद्य जी थंड, गुळगुळीत पेस्ट तोंडात धरायला लावतात आणि जी दोन-तीन मिनिटांत रबरासारखी होते, ती तपकिरी शैवालातल्या अल्जिनेटची.

सगळ्यांत मोठं देणं मात्र अगारचं, म्हणजे लाल शैवालातून निघणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाचं. जिवाणू वाढवायला जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत आधी जिलेटिन वापरत. ते शरीराच्या तापमानाला वितळायचं आणि काही जिवाणू तर तेच खाऊन टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांना त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी १८८१ मध्ये अगार सुचवलं. जिवाणू वाढवायच्या चपट्या बशीत, म्हणजे प्लेटमध्ये, ते ओतताना ही करामत हाताला जाणवते. अगार वितळायला ८५ अंशांच्या पुढे जावं लागतं, पण एकदा वितळलं की ४० अंशांच्या आसपास येईपर्यंत ते पातळच राहतं. बाटली गालाला लावून सहन होईल इतकी कोमट झाली की ओतायचं. थोडा उशीर झाला तर बाटलीतच गोळा होतो. रक्त, लघवी, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांचा आजही या लाल शैवालावरच भर आहे.

४. समुद्रातून आलेली औषधं खरंच रुग्णांना मिळतात, की नुसत्या बातम्याच?

खरंच मिळतात. सगळ्यांत जुनं ठळक उदाहरण सायटाराबिन. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वेर्नर बर्गमान यांना कॅरिबियन भागातल्या एका स्पंजात वेगळ्या साखरेचे न्यूक्लिओसाइड (डीएनएच्या घटकांसारखे रेणू) सापडले. त्या नमुन्यावर बेतलेलं हे औषध अमेरिकेत १९६९ मध्ये मंजूर झालं आणि रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरात आहे. त्यानंतर शंखातल्या विषावरून झिकोनोटाइड (प्रश्न ५), सी स्क्वर्टवरून ट्रॅबेक्टेडिन आणि स्पंजावरून एरिब्युलिन आलं (दोन्ही प्रश्न ६ मध्ये). यादी लांबलचक नाही. पण यातल्या प्रत्येकामागे वीस-तीस वर्षांचं काम आहे.

५. शंखाच्या विषापासून वेदनाशामक? ते मॉर्फिनपेक्षा चांगलं आहे का?

कोन स्नेल ही शंकूच्या आकाराच्या, देखण्या शंखात राहणारी गोगलगाय. हिच्या काही जाती मासे खातात. गोगलगायीला माशाचा पाठलाग करणं शक्य नाही. म्हणून ती सोंड हळूच पुढे करते, सोंडेच्या टोकाशी भाल्यासारखा पोकळ दात असतो. तो टोचला की मासा सेकंदाभरात लुळा पडतो. विष इतकं झटपट असल्याशिवाय तिला जेवणच मिळणार नाही. मोठ्या जातीच्या दंशाने माणसंही दगावली आहेत, तेव्हा किनाऱ्यावर असा जिवंत शंख दिसला तर उचलू नका.

फिलिपिन्समध्ये जन्मलेल्या बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांच्या गटाने या विषाचे घटक सुटे केले. त्यातल्या २५ अमिनो आम्लांच्या एका साखळीवरून झिकोनोटाइड बनलं. ते २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. वेदनेचा संदेश मज्जारज्जूत पुढे नेणारी कॅल्शियमची विशिष्ट दारं ते बंद करतं. मॉर्फिनसारखं व्यसन लागत नाही आणि मात्रा वाढवत न्यावी लागत नाही.

मग ‘चांगलं’ का म्हणत नाही? कारण ते गोळीतून घेता येत नाही. पंप बसवून थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावं लागतं. गोंधळ, भास, चक्कर असे त्रास होऊ शकतात. इतर उपायांनी न थांबणाऱ्या तीव्र वेदनेसाठी ते आहे आणि त्या रुग्णांसाठी ते मोलाचं आहे. हे औषध पूर्णपणे कारखान्यात बनतं, त्यासाठी एकही गोगलगाय लागत नाही.

६. एवढ्याशा औषधासाठी टनावारी समुद्री जीव मारतात, असं ऐकलं. खरं आहे का?

शोधाच्या टप्प्यावर हा धोका खरा होता. ट्रॅबेक्टेडिन एका कॅरिबियन सी स्क्वर्टमध्ये सापडलं. एक ग्रॅमसाठी साधारण टनभर जीव लागत होते. जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ६०० किलो स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन बी (एरिब्युलिनचा मूळ रेणू) वेगळं केलं. मिळालं किती? १२.५ मिलिग्रॅम.

या गणिताने औषधनिर्मिती होणार नाही हे उघड होतं. ट्रॅबेक्टेडिनच्या बाबतीत तोडगा असा निघाला, की स्यूडोमोनास जातीच्या एका जिवाणूला टाकीत वाढवून त्याच्याकडून जवळचा रेणू बनवून घ्यायचा आणि उरलेलं काम रसायनशास्त्राने पुरं करायचं. हॅलिकॉन्ड्रिनचा रेणू अवाढव्य. अभ्यासात लक्षात आलं, की त्याचा अर्धाच भाग काम करतो. तेवढाच भाग साठहून अधिक पायऱ्यांनी कृत्रिमरीत्या घडवला आणि २०१० मध्ये एरिब्युलिन स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मंजूर झालं. मला विचाराल तर या क्षेत्राचं खरं मोठेपण हेच. समुद्राकडून एकदा पाठ घेतला, की पुन्हा पुन्हा हात पसरावा लागू नये.

७. मग औषध बनवतो कोण? स्पंज, की त्याच्या आतले जिवाणू?

बऱ्याचदा आतले जिवाणू. काही स्पंजांच्या वजनाचा मोठा हिस्सा त्यांच्या शरीरातल्या सूक्ष्मजीवांचाच असतो. कधी तो रेणू खाण्यातून येतो. डोलास्टॅटिन १० हा रेणू सी हेअर नावाच्या समुद्री गोगलगायीत सापडला. पुढे कळलं, की तो ती खाते त्या नीलहरित जिवाणूंचा आहे. त्याच्यावरून बनवलेला जहाल रेणू प्रतिपिंडाला बांधून नेमका कर्करोगाच्या पेशीपर्यंत पोचवणारं ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन २०११ पासून लिम्फोमावर (लसिका ग्रंथींच्या कर्करोगावर) वापरात आहे.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा नाही. खरा कारागीर जिवाणू असेल, तर त्याची जनुकं उचलून टाकीत काम करून घेता येईल. नाहीतर आपण उगाच यजमानाच्या मागे लागतो.

८. ‘समुद्री जिवाणूपासून कर्करोगावर औषध’ अशी बातमी वाचली. माझ्या वडिलांना ते कधी मिळेल?

या प्रश्नाला मी घाईने उत्तर देत नाही, कारण विचारणाऱ्याच्या घरात कोणीतरी आजारी असतं. बातमीत ‘पेशींवर’ किंवा ‘उंदरांवर’ असं असेल, तर ते औषध अजून रुग्णापासून अनेक वर्षं दूर आहे आणि बहुधा पोचणारच नाही. सॅलिनिस्पोरा या समुद्रतळाच्या जिवाणूतून आलेलं मॅरिझोमिब मेंदूच्या एका गाठीवर अंतिम टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोचलं, मोठी आशा होती. पण त्याने रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. बातमीत ‘रुग्णांवर चाचणी सुरू’ असं असेल, तर वडिलांच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा की त्या चाचणीत ते बसतात का. बातमीच्या भरवशावर चालू उपचार थांबवू नका. समुद्री शैवालाच्या ‘कर्करोग बरा करणाऱ्या’ गोळ्या तर मुळीच घेऊ नका.

९. निळ्या रक्ताच्या खेकड्याचं रक्त काढतात म्हणे. कशासाठी? आणि ते थांबवता येत नाही का?

हॉर्सशू क्रॅब नावाने खेकडा असला, तरी नात्याने कोळी-विंचवांच्या जवळचा. रक्तात तांबं असल्याने प्राणवायू मिळाला की ते निळसर दिसतं. इंजेक्शनमध्ये जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे राहिले तर रुग्णाला थंडी-ताप भरतो, जिवावरही बेतू शकतं. हे तुकडे साध्या उकळण्याने जात नाहीत, जिवाणू मेले तरी ते मागे उरतात. फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये नोंदवलं, की अशा जिवाणूंमुळे या प्राण्याचं रक्त गोठतं. पुढे जॅक लेव्हिन यांच्यासोबत त्याची चाचणी तयार झाली. त्याआधी औषध सशांना टोचून ताप येतो का ते बघत बसावं लागे.

किंमत मात्र हा प्राणी मोजतो. पकडून, थोडं रक्त काढून परत सोडतात. त्यातले १५ ते ३० टक्के मरतात असे अंदाज आहेत. त्यांच्या अंड्यांवर जगणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांनाही त्याची झळ बसते.

पर्याय आहे. सिंगापूरमध्ये डिंग जॅक लिंग आणि हो बाऊ यांनी रक्तातल्या फॅक्टर सी या प्रथिनाचं जनुक वेगळं केलं, आता ते पेशींमध्ये बनवता येतं. युरोपच्या औषधसंहितेने त्यावर आधारलेली चाचणी २०२१ पासून स्वीकारली, अमेरिकेच्या संहितेत २०२५ पासून तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. बदलाचा वेग कमी आहे, कारण एकदा मंजूर झालेल्या औषधाची चाचणी बदलायची म्हणजे कंपनीला पुन्हा सगळं सिद्ध करावं लागतं. हे कारण मला समजतं. पण शास्त्रशुद्ध पर्याय हातात असताना एवढी वर्षं जावीत, याची खंत वाटते.

१०. जेलीफिशचा हिरवा प्रकाश कशाला उपयोगी पडला?

पेशीच्या आत काय चाललं आहे ते जिवंतपणी बघायला. ओसामु शिमोमुरा जेलीफिशच्या प्रकाशाचं कोडं सोडवत होते. एकदा वाया गेलेला अर्क त्यांनी मोरीत ओतला आणि मोरी निळ्या प्रकाशाने उजळली. मोरीत मत्स्यालयाचं समुद्राचं पाणी येत होतं, त्यातल्या कॅल्शियमने प्रकाश पेटला होता. त्याच कामात १९६२ मध्ये हिरवं चमकणारं दुसरं प्रथिन, जीएफपी, नोंदलं गेलं. त्यासाठी त्यांनी कुटुंबासह लाखो जेलीफिश पकडले. १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी जनुक वेगळं केल्यावर पकडण्याची गरजच संपली. आज ते जनुक हव्या त्या प्रथिनाला जोडतात आणि ते प्रथिन पेशीत कुठे जातं ते पाहतात. शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना याबद्दल २००८ चं नोबेल मिळालं.

११. पीसीआर चाचणीचं विकर समुद्रातून आलं, हे बरोबर आहे का?

अर्धं बरोबर. या चाचणीत डीएनएच्या प्रती काढणारं मूळचं टॅक विकर अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं आहे, ते समुद्राचं नाही. समुद्राचं आहे ते पीएफयू, पायरोकॉकस फ्युरिओसस या सूक्ष्मजीवाचं विकर. इटलीतल्या व्हुल्कानो बेटाजवळच्या उष्ण सागरी गाळात सापडलेला हा सूक्ष्मजीव १०० अंशांना सर्वांत छान वाढतो. त्याचं विकर डीएनएची प्रत काढताना झालेली चूक स्वतःच मागे येऊन दुरुस्त करतं. टॅकला ते जमत नाही. म्हणून जिथे अक्षर न् अक्षर बिनचूक हवं, तिथे पीएफयू वापरतात.

१२. मी शाकाहारी आहे. ओमेगा-३ साठी माशाचं तेल घ्यावंच लागेल का?

नाही. डीएचए हे ओमेगा-३ मुळात मासे नाही, सूक्ष्म शैवाल आणि तत्सम जीव बनवतात. माशांत ते मुख्यतः खाण्यातून साठतं. शिझोकायट्रियमसारखे जीव बंद टाकीत वाढवून तेच तेल थेट काढतात, लहान बाळांच्या दुधाच्या भुकटीतही ते घालतात. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं नाही ना, तेवढं बघून घ्या.

स्पिरुलिनाबद्दलही इथेच सांगतो: ती मुख्यतः क्षारयुक्त तळ्यांत वाढते, तिच्यात डीएचए नसतं.

१३. मला कोळंबीची ॲलर्जी आहे. कायटोसनची रक्त थांबवणारी पट्टी चालेल का?

कायटोसन कोळंबी-खेकड्याच्या कवचातल्या कायटिनपासून बनतं. रक्तपेशींवर ऋण भार असतो, कायटोसनवर धन. त्यामुळे पेशी त्याला चिकटून बोळा तयार होतो. युद्धभूमीवर या पट्ट्यांनी जीव वाचवले आहेत. ॲलर्जी मात्र बहुधा मांसातल्या प्रथिनांची असते आणि कायटोसन ही साखरेच्या साखळीची वस्तू. नीट शुद्ध केलेल्या मालात प्रथिन जवळपास उरत नाही. तरी ‘जवळपास’ या शब्दावर तुमचा जीव टांगू नका. पूर्वी तीव्र त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. बुरशीपासून बनवलेलं कायटोसनही मिळतं.

१४. माशाची कातडी जखमेवर लावतात, हे खरं?

खरं. आइसलँडमध्ये कॉड माशाच्या कातडीपासून असं आवरण बनतं. डुकराच्या किंवा गायीच्या ऊतीतून माणसाला रोग जाऊ नये म्हणून तिच्यावर कडक प्रक्रिया करावी लागते आणि त्यात तिची घडण बिघडते. थंड पाण्यातल्या कॉडकडून तो धोका फारच कमी, म्हणून हलकी प्रक्रिया पुरते. कातडीतली छिद्रं शाबूत राहतात आणि रुग्णाच्या पेशी त्यांत शिरून घर करतात. ब्राझीलमध्ये भाजलेल्या रुग्णांवर वापरली ती तिलापियाची कातडी, पण तो गोड्या पाण्यातला मासा.

१५. शैवालापासून पेट्रोल बनणार होतं, त्याचं काय झालं?

प्रयोगशाळेत बनलं, पंपावर आलं नाही. एका बड्या तेल कंपनीने २००९ मध्ये ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा केली आणि २०२३ मध्ये हात काढून घेतला.

उघड्या तळ्यात लिटरभर पाण्यामागे कोरडं शैवाल जेमतेम ग्रॅमभर असतं. ते गाळायचं, वाळवायचं, फोडून तेल काढायचं, यात बरीच ऊर्जा जाते. दाटी वाढवावी तर वरचा थर खालच्यावर सावली धरतो. पण घोडं पेंड खातं ते वेगळ्याच ठिकाणी. शैवाल तेल साठवतं ते उपासमार झाली की, म्हणजे नायट्रोजन तोडल्यावर. आणि नायट्रोजन तोडला की वाढ थांबते. भरपूर शैवाल हवं की भरपूर तेल, दोन्ही एकदम मिळत नाही. तेच शैवाल महागडं तेल किंवा रंगद्रव्य म्हणून विकलं तर परवडतं (प्रश्न १२). जाळायला नाही.

१६. समुद्रातलं तेल आणि प्लास्टिक खाणारे जिवाणू सोडले, तर प्रश्न सुटेल ना?

तेलाच्या बाबतीत जिवाणू सोडायची सहसा गरजच नसते. अल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस हा जिवाणू जवळपास फक्त तेलातल्या हायड्रोकार्बनवर जगतो. स्वच्छ पाण्यात तो नावापुरता असतो, गळती झाली की झपाट्याने वाढतो. त्याला कमी पडतात ते नायट्रोजन आणि फॉस्फरस. म्हणून १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हॅल्डीझ जहाजाच्या गळतीनंतर किनाऱ्यांवर खत टाकलं होतं. आनंद चक्रवर्ती यांचा १९८० च्या पेटंट खटल्याने गाजलेला तेलखाऊ जिवाणू प्रयोगशाळेत घडवलेला होता, समुद्राचा नव्हे.

प्लास्टिकचं उत्तर कडू आहे. पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) खाणारा प्रसिद्ध जिवाणू, २०१६ मध्ये जाहीर झालेला, जपानमध्ये बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राच्या आवारात सापडला. अशा सुधारित विकरांचा उपयोग कारखान्यातल्या गरम टाकीत आहे. थंड, अफाट समुद्रात विखुरलेल्या कणांवर ते काम करणार नाही.

१७. गायीला समुद्री शैवाल दिलं की मिथेन कमी होतो म्हणतात. मग सगळीकडे का देत नाहीत?

ॲस्परागॉप्सिस या लाल शैवालातलं ब्रोमोफॉर्म पोटातल्या मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं एक विकर अडवतं. काही प्रयोगांत ८० टक्क्यांहून अधिक घट दिसली. पण ब्रोमोफॉर्म उडून जाणारा पदार्थ आहे, साठवणीत त्याचा जोर कमी होतो. मात्रा जास्त झाली तर जनावर खाणं कमी करतं. दुधात अंश उतरतो का, हे तपासत राहावं लागतं. आणि रोज मोजून चारा देणाऱ्या गोठ्यात हे जमतं; माळावर चरणाऱ्या जनावराला रोज ठरावीक मात्रा कोण देणार?

१८. जनुक बदललेला मासा खाण्यात आला आहे का? तो समुद्रात सुटला तर?

आला आहे. ॲटलांटिक सामनमध्ये चिनुक सामनचं वाढीच्या संप्रेरकाचं जनुक आणि ते वर्षभर चालू ठेवणारी ओशन पाउट माशाची कळ बसवली. मासा तीन वर्षांऐवजी १६ ते १८ महिन्यांत विक्रीजोगा होऊ लागला. अमेरिकेने २०१५ मध्ये मंजुरी दिली. तो सुटू नये म्हणून जमिनीवरच्या टाक्यांत वाढवत. शिवाय सगळ्या माद्या, आणि त्याही गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या, म्हणून वांझ. शेवटी २०२४ अखेरीस कंपनीने पैशाअभावी मासे वाढवणं बंद केलं.

जपानमध्ये २०२१ पासून आलेल्या रेड सी ब्रीमची गोष्ट वेगळी. त्यात बाहेरचं जनुक घातलेलं नाही, स्नायूंची वाढ रोखणारं त्याचंच एक जनुक बंद केलं आहे. दोन्हींना एकाच तागडीत तोलू नका.

१९. खोल समुद्रातल्या जनुकांवर मालकी कोणाची?

देशाच्या हद्दीतल्या जिवांसाठी २०१० चा नागोया करार आहे: परवानगी घ्या, फायद्यात वाटा द्या. पण महासागराचा साधारण दोन तृतीयांश भाग कोणत्याच देशाचा नाही. २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं, की पेटंटमध्ये नोंदलेल्या सागरी जनुकक्रमांपैकी ४७ टक्के एकाच कंपनीच्या नावावर आहेत. खुल्या समुद्रासाठीचा करार जून २०२३ मध्ये स्वीकारला गेला आणि १७ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. त्यात नमुन्यांसोबत संगणकात साठवलेली जनुकीय माहितीही धरली आहे. हे फार आवश्यक होतं, कारण आज जीव हातात न घेता नुसता जनुकक्रम उतरवून काम सुरू करता येतं.

२०. सगळं टाकीत आणि संगणकात होणार असेल, तर समुद्रातला प्रत्येक जीव राखायची काय गरज? नमुना गोठवून ठेवला की झालं.

प्रश्न ६ चं उत्तर वाचून हा प्रश्न अनेकांना पडतो. अडचण अशी, की प्रत काढायला मूळ लागतं आणि मूळ बऱ्याचदा एकटं जगत नाही. ट्रॅबेक्टेडिनचा खरा कर्ता सी स्क्वर्टच्या आत राहणारा जिवाणू आहे. तो यजमानाबाहेर वाढवणं अजून साधलेलं नाही.

औषध म्हणून अभ्यासलेल्या ब्रायोस्टॅटिन या रेणूचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. बुगुला नेरिटिना हा बंदरातल्या खांबांवर, बोटींच्या तळावर शेवाळासारखा माजणारा जीव. बोटवाले तो खरवडून टाकतात. त्याच्या आतल्या जिवाणूकडून हा रेणू येतो. एकेकाळी दहा टनांहून अधिक जीव गोळा करून १८ ग्रॅम मिळाला होता. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर खोल पाण्यातल्या आणि उथळ पाण्यातल्या वसाहती तपासल्या, तर दिसायला सारख्या, पण ब्रायोस्टॅटिनचे प्रकार वेगळे निघाले. यादीत त्या एकाच नावाखाली होत्या. एका वसाहतीचा नमुना गोठवून ‘ही जात आपल्याकडे आहे’ असं म्हटलं असतं, तर काही मीटर खालच्या वसाहतीतला रेणू त्यात आलाच नसता.